पान चौदाची चिठ्ठी

बाईंचा अळंबीशी संसार एकतीस वर्षांचा आणि नवऱ्याशी एकोणतीस वर्षांचा. त्यामुळे घरात मान कोणाचा मोठा, हा वाद नवऱ्याने केव्हाच सोडून दिला होता. तो बिचारा गणिताचा निवृत्त मास्तर. सकाळी चहा झाला की वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन खुर्चीत बसायचा आणि बायको कोणावर तरी तापली की चष्म्यावरून बघायचा.

संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला बाईंची खोली. खिडकीखाली सूक्ष्मदर्शक, भिंतीला तीन लोखंडी कपाटं, आणि कपाटांत वाळवलेल्या अळंबीची हजारो कागदी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर तारीख, जागा आणि ती ज्याच्या बुडाशी उगवली त्या झाडाचं नाव. एखादं पाकीट इकडचं तिकडे झालं तर बाईंना नुसत्या वासावरून कळतं, असं खालच्या मजल्यावरचे लोक म्हणत. ते साफ खोटं होतं, पण बाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. संस्थेत बायका पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. विद्यार्थ्याने काही विचारलं की त्या आधी ‘मला माहीत आहे’ म्हणत आणि मग प्रश्न पुरा ऐकत. कधीकधी तेवढाही ऐकत नसत.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. एवढा दरारा कमावलेल्या या बाईंना एका ओळीने तीन आठवडे रडकुंडीला आणलं, त्याची ही गोष्ट.

ती ओळ बाईंपर्यंत ताईमार्फत आली. ताई ही त्यांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. तीन वर्षांपूर्वी मुलाची बदली जंगलाकाठच्या एका गावात झाली, तेव्हा ताईही मुला-सुनेबरोबर तिकडे राहायला गेली. दर रविवारी सकाळी दहाला दोघींचा फोन ठरलेला.

“अगं, मागच्या कुंपणाशी गेल्या साली ढीगभर अळंबी आली होती,” ताई म्हणाली. “तपकिरी टोपीची. इथली माणसं हात लावत नाहीत, घाबरट कुठली. या साली आली की मी शिजवणार आहे.”

“थांब थांब. देठाच्या बुडाशी पिशवीसारखं काही असतं का?”

“असतं. पांढरं.”

“ताई, ती रानटोपी! विषारी आहे. बोटसुद्धा लावू नकोस.”

“दोनदा उकळून पाणी फेकलं की चालते गं. ज्ञानकोशात लिहिलंय. तो फोनवरचा नाही का, सगळे मिळून लिहितात तो. आणि शिवाय ते तर तुझ्याच...”

“कोणीही उठावं आणि काहीही लिहावं, असली ती जागा! मला नको सांगूस, मला माहीत आहे. अजिबात खायची नाही.”

“बरं,” ताई म्हणाली.

ताईचं हे ‘बरं’ बाई जन्मापासून ऐकत आल्या होत्या. त्याचा अर्थ ‘तू म्हणालीस ते ऐकलं’ एवढाच. ‘तसं करीन’ असा तो कधीच नव्हता. लहानपणी आई म्हणायची, झाडावर चढू नकोस. ताई म्हणायची, बरं. आणि थोड्या वेळाने वरच्या फांदीवरून तिची हाक यायची.

बाईंनी फोन ठेवला. रानटोपीची एक जुळी बहीण आहे, माळटोपी. दिसायला अगदी तशीच, फक्त बुडाशी पिशवी नाही. माळटोपी लोक दोनदा उकळून खातात आणि ढेकर देतात. रानटोपी शंभरदा उकळली तरी विष जागचं हलत नाही. शिवाय ती लबाड. खाल्लेल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं, तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, ‘सुटलो’ म्हणतो, आणि मग यकृत जातं. हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. तेवढ्यात ती ओळ ज्ञानकोशातून गेली नाही, तर ताई ‘बरं’ म्हणत चूल पेटवणार, हे बाईंना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

ज्ञानकोशात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवऱ्याने त्यांना खातं उघडून दिलं.

“नाव काय घालू?”

“माझं नाव कशाला हवंय त्यांना?”

“मग ‘अळंबीबाई’ घालतो,” तो म्हणाला, आणि घातलंसुद्धा.

रानटोपीचा लेख उघडला. ओळ तिथेच होती: ‘दोनदा उकळून पाणी फेकल्यास खाण्यास योग्य.’ बाईंनी ती पुसली, जतनच्या बटणावर टिचकी मारली आणि हात झटकले. अकरा मिनिटांनी सहज बघितलं तर ओळ परत हजर. शेजारी कोणीतरी ‘काटेकोर’ नावाच्या माणसाने लिहून ठेवलं होतं: ‘संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढू नये.’

“कारण?” बाई म्हणाल्या. “कारण देते ना!”

त्यांनी बैठक मारून तीन परिच्छेद लिहिले. विष कुठलं, ते काय करतं, उष्णतेने ते का मोडत नाही, सगळं असं की पहिल्या वर्षाच्या पोराला कळावं. पाऊण तासात तिन्ही परिच्छेद गायब. ‘संदर्भ नाही.’ मग त्यांनी लिहिलं, ‘मी या विषयात एकतीस वर्षं काम करते.’ उत्तर आलं, ‘आनंद आहे. इथे कोण लिहितं ते बघत नाहीत, कशाच्या आधारावर लिहितं ते बघतात.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी दुसऱ्यांचे प्रबंध तपासले, ज्यांच्या एका शेऱ्याने लोकांची पदवी सहा महिने लांबली, त्यांना हा कोण कुठला काटेकोर दारात उभं करून ओळखपत्र मागत होता. आणि ओळखपत्र दाखवलं तर म्हणत होता, हे चालत नाही.

“तुला भांडायला घरात मी कमी पडतो का?” नवऱ्याने विचारलं.

“तू गप्प बस.”

मग त्यांनी स्वतःच्या शोधनिबंधाचा संदर्भ दिला. काटेकोरने तो चक्क वाचला. वाचून दोन मुद्दे काढले. एक, स्वतःच्या लेखनाचा दाखला स्वतः देऊ नये, लेखाला जोडलेल्या चर्चापानावर मांडावा, दुसरा कोणीतरी बघेल. आणि दुसरा: ‘या निबंधात विष मोजलंय ते ताज्या अळंबीतलं. उकळलेल्या अळंबीबद्दल त्यात एक शब्द नाही.’

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त झोंबलं. उकळून हे विष जात नाही ही या धंद्यातली अशी गोष्ट, की ती कोणी छापायच्या भानगडीत पडत नाही. सूर्य उगवतो यावर कोण निबंध लिहितो? बाईंनी दोन दिवस ग्रंथ धुंडाळले. सापडलं ते रानटोपीच्या चुलत भावंडांबद्दल. ते दिलं, तर उत्तर आलं की ती अळंबी वेगळी, ही वेगळी, दोन्हीची गाठ तुम्ही मारताय. पालथ्या घड्यावर पाणी! त्या आठवड्यात बाईंनी सात वेळा ओळ काढली आणि सातही वेळा ती परत आली. सातव्या वेळी ज्ञानकोशाने त्यांचं खातं तीन दिवस बंद ठेवलं.

“शाळेत मी मुलांना वर्गाबाहेर काढायचो,” नवरा म्हणाला. “ती पण तिसऱ्या दिवशी परत यायची.”

खातं उघडलं तेव्हा चर्चापानावर काटेकोरचा लांबलचक मजकूर त्यांची वाट बघत होता.

‘अळंबीबाई, रागावू नका. मी बसचा तिकीट तपासनीस आहे. पाळी संपली की इथे बसतो. तिकीट काढलं होतं हो, हरवलं, असं शपथेवर सांगणारे मला रोज भेटतात. त्यातले काही खरंच बोलत असतात, ते मला चेहऱ्यावरून कळतं. पण चेहरा बघून सोडायला लागलो तर उद्या सगळी बस चेहरे करायला शिकेल. मला तुमचं खरं वाटतं. पण त्या ओळीकडे तिकीट आहे, तुमच्याकडे नाही. ओळीच्या शेवटी छोटा आकडा आहे, त्यावर बोट ठेवून बघा. तुमच्या निबंधावर जिचं नाव आहे त्याच संस्थेची पुस्तिका आहे, पान चौदा.’

विद्यार्थ्यांनी तळटीप वाचली नाही म्हणून त्यांना खोलीबाहेर उभं करणाऱ्या बाईंनी स्वतः दोन आठवडे तळटीप वाचली नव्हती. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. ‘जंगलातील अळंबी: ओळखपुस्तिका. पान १४.’ खाली त्यांच्याच संस्थेचं नाव आणि सव्वीस वर्षांपूर्वीचं साल.

बाई मोठ्याने हसल्या. इतक्या मोठ्याने, की नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली.

“ही पुस्तिका मी लिहिलीय! मी! आणि हे मला शिकवतायत त्यात काय आहे!”

त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं: ‘ती पुस्तिका माझीच आहे. त्यात असं काहीही लिहिलेलं नाही. कोणीतरी खोटा संदर्भ दिला आहे.’

काटेकोरने पाच शब्दांत उत्तर दिलं: ‘मग पान चौदा दाखवा, बाई.’

शनिवारी सकाळी बाई संस्थेच्या ग्रंथालयात उतरल्या त्या युद्धाला निघाल्यासारख्या. ग्रंथपाल हा किडकिडीत, हळू बोलणारा माणूस. संस्थेतला एकही कागद त्याने आजवर टाकून दिला नव्हता. त्याने शिडी लावली, वरच्या फळीवरून दोन पातळ हिरव्या पुस्तिका काढल्या आणि बाहीने पुसून टेबलावर ठेवल्या. बाईंनी पान चौदा उघडलं. फोनने त्याचा फोटो काढायचा, टाकायचा आणि त्या तपासनिसाला बसमधून उतरवायचं, एवढंच काम होतं.

पान चौदावर रानटोपीचा फोटो होता. बाईंनी स्वतः चिखलात आडवं पडून काढलेला, बुडाशी पांढरी पिशवी स्पष्ट दिसणारा, त्यांचा छापून आलेला पहिला फोटो. त्याच्याखाली ठळक अक्षरांत: ‘दोनदा उकळून पाणी फेकल्यास खाण्यास योग्य.’

समोरच्या पानावर गरीब माळटोपी, आणि तिच्याखाली: ‘विषारी. कोणत्याही प्रकारे खाऊ नये.’

बाईंनी पान उलटलं, परत उलटलं. दुसरी प्रत उघडली. तीही तशीच.

“छापखान्यानं घोटाळा केला,” त्या म्हणाल्या. “दोन्ही ओळी अदलाबदल केल्यात! बेजबाबदार लोक!”

“हो ना,” ग्रंथपाल म्हणाला. “तुम्ही तेव्हाही असंच म्हणाला होतात.”

“तेव्हा?”

“शुद्धिपत्र काढलंत की तुम्ही लगेच. पाचशे चिठ्ठ्यांचा पुडा आला होता छापखान्यातून. मीच तुमच्या खोलीत ठेवला होता, तुम्ही परदेशी निघालात त्याच्या आदल्या दिवशी. प्रत्येक प्रतीत चिकटवणार होतात ना?”

बाई वळल्या. जिना चढून वर आल्या. तिसरं कपाट, सगळ्यात खालचा खण. पुढची पाकिटं काढली, त्यामागचे जुने डबे काढले, आणि मागे हात घातला. तपकिरी कागदाचा पुडा सुतळीने बांधलेला होता. छापखान्याने मारलेली गाठ अजून सुटलेली नव्हती.

‘शुद्धिपत्र. पान १४ व १५ वरील चित्रांखालील मजकुराची अदलाबदल झाली आहे. रानटोपी विषारी आहे. उकळूनही खाऊ नये.’

त्या खुर्चीत बसल्या आणि सगळं आठवलं. दोन वर्षांची अभ्यासवृत्ती मिळाली होती. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं, बॅग भरायची होती, आणि हातात हा पुडा. जाताना शिपायाला सांगू, असं मनात म्हणून त्यांनी तो खणात सरकवला. शिपाई त्या दिवशी रजेवर होता. पुस्तिका पंधरा दिवसांनी टपालाने गेल्या. परक्या मुलुखात पहिले काही महिने त्यांना अधूनमधून वाटायचं, पत्र टाकून विचारायला हवं. मग कामाच्या रगाड्यात ते वाटणंही थांबलं. चूक आपण पकडली होती, दुरुस्ती आपण लिहिली होती, एवढंच आठवणीत राहिलं, आणि पुढे तेही पुसलं गेलं. त्यांच्या मनातल्या पुस्तिकेत ती चिठ्ठी केव्हाच चिकटून बसली होती.

सव्वीस हंगाम. कोणी खाल्ली असेल का? कुठल्या शाळेत, कुठल्या दवाखान्यात ती पुस्तिका उघडून कोणी कोणाला ‘चालते’ म्हणून सांगितलं असेल का? हे कळायला आता काही मार्ग नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. इथे तर मुसळ सव्वीस वर्षं स्वतःच्याच कपाटात होतं.

पुडा घेऊन त्या घरी आल्या. रविवारी सकाळी त्यांनी एका चिठ्ठीचा फोटो काढला आणि चर्चापानावर टाकला. खाली फक्त एवढंच लिहिलं: ‘हे त्या पुस्तिकेचं छापील शुद्धिपत्र.’

काटेकोर जागाच होता. ‘उत्तम! हेच तर मागत होतो. ही चिठ्ठी पुस्तिकांबरोबर वाटली गेली होती ना?’

बाईंनी ‘हो’ असं लिहिलं. एक शब्द. खोटं कोणाला कळणार होतं? ओळ तासाभरात गेली असती, ताई वाचली असती, आणि बाईंची अब्रूही. आणि हेतू तर चांगलाच होता! पाठवायचं बटण बोटाखाली होतं. तेवढ्यात दहा वाजले आणि ठरल्याप्रमाणे ताईचा फोन आला.

“आली गं कुंपणाशी!” ताई खुशीत होती. “टोपलीभर काढून ठेवलीय. दुपारी सुनेच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका जेवायला यायच्यात.”

“ताई, मी तुला सांगितलं होतं!”

“सांगितलंस गं. पण नुसतं फोनवर असतं तर वेगळं. छापील पुस्तकातलं आहे ते, पान चौदा. पुस्तक काय खोटं बोलेल?”

‘मला माहीत आहे’ हे शब्द बाईंच्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले. त्या शब्दांनी तीन आठवड्यांत एक माणूस हलला नव्हता.

“ताई, ते पुस्तक चुकलंय,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच कळलं होतं. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून आल्या होत्या. मी त्या चिकटवल्या नाहीत. मला विमान गाठायचं होतं. पाचशेच्या पाचशे चिठ्ठ्या आत्ता माझ्यासमोर पडल्यात. माझी चूक आहे. ती अळंबी खाल्लीत तर तुम्ही सगळे मराल, ताई.”

पलीकडून ‘बरं’ आलं नाही. मग दाराची कडी वाजली, चपलांचा आवाज लांब गेला. बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. चपला परत आल्या.

“खड्ड्यात ओतली,” ताई धापा टाकत म्हणाली. “वर माती लोटली. हात साबणाने दोनदा धुतले.” आणि मग हळूच, “म्हणजे हे सगळं मीच केलं की गं.”

“तू काय केलंस?”

“सुनेच्या शाळेत शिबिर झालं होतं, ज्ञानकोशात लिहायला शिकवायचं. तिला विषय सुचेना. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं पुस्तक आहे, त्यातलं घाल. पुस्तिकेवर तुझं नाव कुठे छापलंय? नुसतं संस्थेचं. मला तेव्हापासून खुपतंय ते. म्हटलं, निदान इथे तरी तुझं लिहिलेलं जगाला दिसू दे. छापून आल्या आल्या पान चौदावर तू मला सही करून दिली होतीस बघ, फोटो तुझा म्हणून. म्हणून तेच पान दिलं तिला. त्या दिवशी सांगत होते, तर तू बोलू कुठे दिलंस?”

बाईंना रडू आलं आणि त्याचा रागही आला. तीन आठवडे त्या ज्या अडाण्याला शिव्या घालत होत्या, तो अडाणी म्हणजे ताईची माया निघाली. आणि त्या मायेच्या हातात चुकीचं पान दिलं होतं ते स्वतः बाईंनी. आता भांडायचं तरी कोणाशी?

फोन ठेवून त्यांनी ‘हो’ पुसलं. लिहिलं: ‘नाही. वाटली गेली नव्हती. छापून माझ्या कपाटात सव्वीस वर्षं पडून होती. चिकटवायचं काम माझं होतं, मी केलं नाही.’ वाचून बघितलं नाही, पाठवून टाकलं.

काटेकोरचं उत्तर दुपारी आलं. एवढा वेळ तो काय करत होता, देव जाणे. ‘न वाटलेली चिठ्ठी म्हणजे न काढलेलं तिकीट, बाई. ती मला धरता येत नाही. पण लिहिणारीच म्हणते की पान चुकलंय, तर त्या पानावर ओळ उभी राहू शकत नाही. आत्ता लेखावर मोठी सूचना लावतो, की ही माहिती वादात आहे, कोणी खाऊ नये. तुमच्या ग्रंथालयाने हे तारखेसह कुठेतरी जाहीर लिहून ठेवलं की ओळ उतरवतो.’

सोमवारी ग्रंथपालाने दोन्ही प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या, वर त्या दिवसाचा शिक्का मारला, आणि संस्थेच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पानाचा फोटो टाकून खाली चार ओळींची नोंद केली. नोंदीत बाईंचं नाव घालावं का, असं त्याने संकोचून विचारलं. “घाला,” बाई म्हणाल्या. पुस्तिकेशी त्यांचं नाव छापील स्वरूपात जोडलं गेलं ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही असं.

बाराच्या सुमाराला ज्ञानकोशात उत्तर आलं: ‘पाहिलं. ओळ उतरवली.’ तीन आठवडे जिने जीव खाल्ला, तिचा निकाल तीन शब्दांत! बाईंनी टेबलावर मूठ आपटली, सूक्ष्मदर्शकाची काच खणखणली. ओळीच्या जागी आता होतं: ‘विषारी. उकळूनही खाऊ नये.’ शेवटी छोटा आकडा. यावेळी बाईंनी त्यावर आधी बोट ठेवलं. खाली शुद्धिपत्र छापल्याची तारीख होती आणि त्याच्या शेजारी ते चिकटवल्याची. दोन्हींमधलं अंतर कोणालाही बोटांवर मोजता आलं असतं.

ग्रंथपालाने संस्थेच्या टपाल विभागाची जुनी जावक वही शोधून काढली. चारशे साठ प्रती कुठे कुठे गेल्या त्याचे पत्ते त्यात होते: शाळा, दवाखाने, वाचनालयं, वनरक्षकांच्या चौक्या. निम्म्या जागा आता असतील की नाही कोण जाणे. बाई रोज दुपारी जेवण झालं की खाली बसून पाकिटांवर पत्ते घालू लागल्या. पहिलं पाकीट ताईचं गेलं.

पुढच्या रविवारी दहाला फोन आला.

“मिळाली चिठ्ठी,” ताई म्हणाली. “चिकटवली पण. फक्त काय झालं, ती बरोब्बर तुझ्या सहीवर बसते गं. सही झाकली जाते. म्हणून मी नुसता वरच्या कडेला गोंद लावलाय. चिठ्ठी उचलली की खाली सही दिसते.”

“ताई! वरच्या कडेला लावलेली चिठ्ठी चार दिवसांत गळून पडेल! सुनेने खालची ओळ वाचली, उद्या नातवंडांनी वाचली तर? चारी बाजूंनी लाव. गच्च लाव. सही गेली खड्ड्यात!”

“बरं,” ताई म्हणाली.

बाईंनी फोन ठेवला, एक क्षण डोळे मिटले, आणि उठल्या. पुड्यातून दोन चिठ्ठ्या काढून पिशवीत टाकल्या, टेबलावरची गोंदाची बाटली टाकली, पायांत चपला सरकवल्या.

“आता कुठे?” नवऱ्याने विचारलं.

“ताईकडे. चिठ्ठी चिकटवायला.”

“एका चिठ्ठीसाठी चार तासांचा प्रवास? ती पोस्टाने गेली ना?”

“छापखान्यातूनही आली होती,” बाई म्हणाल्या.

त्याने शब्दकोडं बाजूला ठेवलं, बायकोच्या हातातून पिशवी घेतली, आणि बाटलीचं झाकण नीट बसलंय का ते एकदा बघून घेतलं.